विचारा, सांगते : गंगेला पूर येतो तेव्हा

मृग आता तीन आठवड्यांवर आला आहे आणि यंदाच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं पुराचीच आहेत. साहजिक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये गोदावरी, सिंदफणा, मांजरा आणि सीना या नद्या एकाच महिन्यात चढल्या. वर्षानुवर्षं टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली गावंही त्या महिन्यात रात्र-रात्र जागली. म्हणून सातबारा, फेरफार, वारसनोंदीचे प्रश्न या वेळी बाजूला ठेवले आहेत. ते पुढच्या अंकात घेते.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी अभियंता नाही. गोदाकाठच्या गावांत तलाठी होते, पुढे मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. माहेरही गंगथडीचंच. आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. पुराआधी गाव हलवताना आणि पुरानंतर दारोदार पंचनामे करताना जे समजलं, ते सांगते.

प्रश्न : ताई, सप्टेंबरात आमचं अर्धं गाव पाण्यात होतं. आम्ही तरुणांनी ठरवलंय की नदीच्या बाजूने गावाला सिमेंटची संरक्षक भिंत मागायची. गावाच्या मागे गायरानाचा माळ आहे, पण तिकडे जायला कुणी तयार नाही. ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा कसा करावा?
— एक शेतकरी, गंगाखेड तालुका

उत्तर : दादा, मसुद्याआधी एक काम करा. त्या रात्री पाणी गावात नेमकं कुठून शिरलं, हे वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या दहा जणांना विचारा. पंचनाम्याच्या वेळी मी हे प्रत्येक दारात विचारायची आणि फार वेळा उत्तर यायचं, "समोरून नाही बाई, मागून आलं." गंगा तुडुंब भरली की तिला मिळणारा ओढा रिकामा होऊ शकत नाही. त्याचं पाणी थबकतं, फुगतं आणि उलटं चढायला लागतं. ओढा गावाला वळसा घालून येत असेल तर घाटाच्या वरच्या पायऱ्या अजून उघड्या असतानाच मागची वस्ती बुडते. आपल्याकडे नदीचा उतार अगदी थोडा. काळी जमीन एकदा भिजून फुगली की पाणी पोटात घेत नाही. त्यामुळे ओढ्याचा हा फुगवटा शिवारात लांबपर्यंत मागे जातो आणि नदी उतरल्याशिवाय हलत नाही.

आता तिथे भिंत उभी केली असं समजा. ओढ्याच्या तोंडाशी भिंतीला दार ठेवावं लागेल. दार उघडं राहिलं तर नदी आत येणार. बंद केलं तर गावावर पडलेला पाऊस आतच कोंडणार आणि तो उपसायला पंप लागणार. पुराच्या रात्री सगळ्यात आधी जाते ती वीज. शिवाय भिंतीने इकडून लोटलेलं पाणी समोरच्या थडीला चढणार. तिथेही आपलेच सोयरे राहतात. मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पुढच्या गोष्टीची. भिंत झाली की तिच्या आडोशाला पाच-दहा वर्षांत घरं होतात. भिंत ठराविक उंचीच्या पुरासाठीच बांधलेली असते. पाणी त्या उंचीवर एक फूट जरी गेलं तरी मग ते पायरी-पायरीने चढत नाही, एकदम आत कोसळतं.

भिंत कुठेच नको असं माझं म्हणणं नाही. जिथे नदी घरांखालची दरड कापते आहे तिथे दगडी पिचिंग किंवा जाळीत भरलेले दगड लागतातच. हलायला जागाच नसलेल्या शहरातही काही ठिकाणी दुसरा मार्ग नसतो. तुमच्या गावाला मात्र मागे माळ आहे.

बांध घालण्याचा अनुभव नेदरलँड्सएवढा क्वचितच कुणाला असेल. ऱ्हाईन नदीच्या मुखाकडचा सखल मुलूख, शेकडो वर्षं नद्यांना बांध घालत आलेला. १९९३ आणि १९९५ साली पाणी त्या बांधांच्या माथ्याजवळ पोचलं. १९९५ मध्ये सुमारे अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर नुसती बांधांची उंची वाढवत बसण्याऐवजी त्यांनी तीसहून जास्त ठिकाणी नदीला तिची जागा परत दिली. नायमेगेन शहराजवळ वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे घेतला, त्यासाठी घरं उठवली, आणि मधल्या जागेत पुराच्या पाण्यासाठी दुसरा प्रवाह खोदला. ओव्हरडीपसे नावाच्या शेतीच्या पट्ट्यात तर शेतकऱ्यांनीच तोडगा सुचवला. मोठा पूर आला तर शेतात पाणी येऊ द्या, म्हणाले, पण आमची घरं आणि गोठे मातीच्या उंच टेकाडांवर बांधून द्या. तसंच झालं.

हे वाचलं तेव्हा मला आपली पांढरी आठवली. काळी शेतीची, पांढरी वस्तीची, हे आपले म्हातारे सांगत आले. जुन्या गावठाणात आजही चढून जावं लागतं. माळवदाची घरं पडत गेली, त्याच मातीवर नवी उभी राहिली आणि टेकाड उंच होत गेलं. तेरणेकाठच्या तेर गावात अशाच टेकाडांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष सापडले आहेत. मी ज्या गावांत नोकरी केली तिथे २००६ च्या पुरात गढीभोवतीची जुनी घरं कोरडी राहिली. बुडाली ती नंतरच्या काळात खाली उतरलेली वस्ती. आणि खाली कोण उतरलं होतं? ज्यांना वर जागा दिली गेली नाही ते. मजूर, भूमिहीन, वेशीबाहेर ठेवलेले लोक. ठराव करताना हे विसरू नका. पुराचा पहिला फटका गावाने ज्यांना आधीच काठावर ढकललं आहे त्यांना बसतो.

म्हणून ठरावात भिंतीच्या जागी काय लिहावं ते सांगते. ओढ्याचं तोंड आणि त्यावरची पाइपमोरी. दोन-तीन नळ्यांच्या मोरीत झाडाचा एक ओंडका अडकला की मोरी संपली, रस्त्याचा भराव हाच धरण होतो. तिथे मोकळ्या गाळ्यांचा पूल मागा. गावातून माळाकडे जाणारी पांदण मातीकाम करून उंच मागा, तिच्याखालून पाणी जायला पुरेशी वाट ठेवून. माळावर जनावरांसाठी शेड, हातपंप आणि एक पक्का हॉल मागा, जो एरवी लग्नकार्याला वापरता येईल. बंद पडून राहिलेली इमारत पुराच्या रात्री कुलूप लावलेलीच सापडते. घरकुलं यापुढे माळावरच. आणि सप्टेंबरच्या पाण्याच्या खुणेखाली नवं बांधकाम होऊ देणार नाही, असं गावानेच लिहून द्या. ही शेवटची ओळ सगळ्यात अवघड आहे, कारण तिथे प्लॉट पाडायला निघालेला माणूस बहुधा ठरावाला सही करणाऱ्यांतलाच असतो.

माळावर जायला कुणी तयार नाही असं तुम्ही लिहिलंय. तिथे पाणी, वीज आणि रस्ता नाही तोवर कोण जाईल? आधी या तीन गोष्टी मागा, मग लोकांना विचारा.

प्रश्न : बातम्यांत सांगतात, जायकवाडीतून इतके हजार क्युसेक सोडले. आम्हाला त्यातून काहीच कळत नाही. आमच्या गल्लीत पाणी येणार की नाही, हे कसं ओळखायचं?
— बचत गटाच्या महिला, सोनपेठ तालुका

उत्तर : बायांनो, तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला.

आधी आकडा समजून घेऊ. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी. दोन घागरी धरा. एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लाख लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो ना? तसे २८० टँकर, दर सेकंदाला. दिवसभर असंच वाहिलं तर साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी जातं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. नाथसागराचा, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा, उपयुक्त साठा साधारण ७६ टीएमसी आहे, म्हणजे या वेगाने तो नऊ दिवसांत संपेल. गेल्या सप्टेंबरात विसर्ग दोन लाखांच्याही पुढे गेला होता.

पण तुमच्या गल्लीत येणारं पाणी एकट्या जायकवाडीचं नसतं. पैठणपासून तुमच्यापर्यंत येताना गंगेला ओढे मिळतात आणि मंजरथजवळ सिंदफणा मिळते. सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे. त्याचीही दारं उघडली असतील तर ते पाणी वरून येऊन पडतं. त्यात तुमच्या शिवारातला पाऊस. शिवाय जुलैमध्ये नदीचं पात्र अर्धं रिकामं असतं आणि सप्टेंबरात सगळे बंधारे, नाले, जमिनी आधीच भरलेल्या असतात. तोच ५० हजारांचा आकडा जुलैत घाटाच्या खाली राहील आणि सप्टेंबरात मारुतीच्या पायऱ्या चढेल.

म्हणून एक वही घाला. गटाच्या हिशोबाची वही तुम्ही चोख ठेवता, तशीच ही. जायकवाडीचा विसर्ग किती आणि किती वाजता कळला, माजलगावचा किती, गावात पाऊस किती, आणि आपल्या घाटाच्या कितव्या पायरीला पाणी किती वाजता लागलं. चार रकाने. पूर नसतानाही लिहायचं. दोन-तीन पावसाळ्यांत तुम्हाला कळेल की वर पाणी सोडल्यावर आपल्या पायरीला लागायला किती तास लागतात आणि पाणी तासाला किती पायऱ्या चढतं. हा हिशोब कुठल्याच बातमीत मिळत नाही. नांदेडच्या जुन्या पुलाजवळ धोका पातळी समुद्रसपाटीपासून ३५४ मीटर ठरलेली आहे. तिथल्या लोकांना एक आकडा ऐकला की समजतं. तुमच्या घाटाला असा आकडा नाही. तो तुम्हीच ठरवा.

तो ठरवताना सगळ्यात सावकाश होणाऱ्या कामापासून उलटं मोजत या. समजा सगळी जनावरं, बाळंतिणी आणि म्हातारी माणसं माळावर न्यायला पाच तास लागतात, आणि पाणी चढणीच्या वेळी तासाला दोन पायऱ्या चढतं. मग पाणी गल्लीच्या दहा पायऱ्या खाली असतानाच निघायला हवं. रात्र असेल तर त्याहून आधी, कारण अंधारात सगळ्यालाच दुप्पट वेळ लागतो. त्या पायरीवर ऑइलपेंटने लाल पट्टा ओढा. त्याच्या बऱ्याच खाली पिवळा पट्टा. पिवळ्याला पाणी लागलं की जनावरं निघाली, लालला लागलं की माणसं निघाली. मग सरपंच काय म्हणतात, तलाठी आले का, याची वाट बघायची नाही. तलाठी होते म्हणून सांगते, एका तलाठ्याकडे चार-चार गावं असतात आणि पूर सगळीकडे एकाच वेळी येतो.

मोबाइलवर 'सचेत' हे ॲप घ्या, त्यावर इशारे येतात. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आणि तातडीला ११२. हे दोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा, मोबाइलची बॅटरी पहिल्याच रात्री संपते.

प्रश्न : ओढ्यावरच्या कोल्हापुरी बंधाऱ्याची गेटं पावसाळ्यात काढू नयेत, तेवढंच पाणी अडेल, असा शेतकऱ्यांचा आग्रह आहे. काय करावं?
— एक सरपंच, परतूर तालुका

उत्तर : गेटं काढाच. हा बंधारा बांधलेलाच असा आहे, की पुराच्या दिवसांत पाणी मोकळं जावं आणि पाऊस सरताना गेटं बसवून शेवटचं पाणी धरावं. गेटं तशीच राहिली तर पऱ्हाट्या, बाभळीच्या फांद्या, कडब्याच्या पेंढ्या त्यांना अडकतात आणि बंधारा भिंत होतो. मग पाणी बाजूच्या मातीतून वाट काढतं. मी अशा एका ठिकाणचा पंचनामा केला आहे. बंधारा जागेवर शाबूत उभा होता आणि ओढा त्याच्या शेजारून, दोघा भावांच्या सव्वादोन एकरांतून वाहत होता. जमीन गेली ती गेली, आणि त्या बंधाऱ्यात पुढची कितीतरी वर्षं थेंब साठला नाही.

शेतकऱ्यांची भीती मी समजू शकते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते दिवस कुणी विसरलेलं नाही. ज्या वर्षी रेल्वेने पाणी आलं त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मांजराचं धरण भरलंही. आपला मुलूखच असा आहे. पाणी धरणंही जमलं पाहिजे आणि सोडणंही. शेतकऱ्यांना शब्द द्या, की परतीचा पाऊस सरला की आठ दिवसांत गेटं बसतील, आणि तो पाळायची तयारी आत्ताच करा. गेटं गावात कुलपात ठेवा, काठावर नको, चोरीला जातात. रबरी पट्ट्या आधीच आणा. काम करणारी दोन माणसं नावानिशी ठरवा. घाई मात्र करू नका. गेल्या वर्षीचं मोठं पाणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलं, म्हणजे गेटं बसवायची चर्चा सुरू होते त्याच दिवसांत.

प्रश्न : नांदेडजवळ नदीच्या अंगाला स्वस्तात प्लॉट मिळतोय. एजंट म्हणतो, शंभर वर्षांतला मोठा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षं काळजी नाही. घ्यावा का?
— एक शिक्षक

उत्तर : घेऊ नका, सर. 'शंभर वर्षांतला पूर' याचा अर्थ दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. घराचं कर्ज तीस वर्षांचं धरलं तर तेवढ्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात २६ होते. नकाशावर दोन पूररेषा असतात. निळी रेषा २५ वर्षांतल्या पुराची. तिच्या आत नदीच्या बाजूला बांधकामाला मनाई असते, आणि तीस वर्षांत तिथपर्यंत पाणी येण्याची शक्यता शंभरात ७० आहे. लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बांधकामावर बंधनं असतात. प्लॉट नेमका कुठे येतो हे एजंटला न विचारता पूररेषेचा नकाशा स्वतः मागून बघा. तो हातात येईपर्यंत इसार देऊ नका. आणि एखाद्या संध्याकाळी तिथे जाऊन शेजारच्या जुन्या माणसाला विचारा, की २००६ मध्ये इथे पाणी कुठवर होतं. तो हात वर करून दाखवेल.

प्रश्न : सीना नदीने आमची तीन एकर काळी जमीन खरडून नेली. खाली मुरूम उघडा पडलाय. काठही तुटलाय. आता तिथे काय करावं?
— एक शेतकरी, परांडा तालुका

उत्तर : भाऊ, पीक गेलं तर एक हंगाम जातो. माती गेली म्हणजे आजोबा-पणजोबांपासूनचं सगळं गेलं. तुमचं पत्र वाचून मला बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

मदतीचं आधी. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने जाहीर केलेल्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतची कामं होती. तुमच्या पंचनाम्यात 'पीक नुकसान' लिहिलंय की 'जमीन खरडून गेली' हे तपासा. हे दोन वेगळे रकाने आहेत आणि घाईत दुसरा राहून जातो. राहिला असेल तर पुरानंतरचे फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

जमिनीचं सांगते. सगळी तीन एकर एका वर्षात भरायला जाऊ नका. कर्ज होतं, आणि नवी टाकलेली मोकळी माती पहिल्या मोठ्या पाण्यात परत जाते. काठापासून दूरचा, उंच अंगाचा तुकडा आधी धरा. तलावातला गाळ 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' मधून मिळतो का बघा. टाकण्याआधी त्याची माती परीक्षा करा, काही गाळ नुसता चिकट असतो आणि जमीन चिबड करतो. गाळ टाकल्यावर पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरून फुलायच्या आत गाडा. पहिल्या वर्षी सोयाबीनच्या उताऱ्याची आशा धरू नका.

काठाचा पट्टा नदीला सोडा. हे तुम्हाला लागेल, माहीत आहे. पण तीस-चाळीस फुटांचा पट्टा सोडून त्यात बांबू, करंज, उंबर, निर्गुडी आणि मातीच्या कडेला वाळा लावला तर त्यांच्या मुळ्या उरलेली जमीन धरून ठेवतील. बांबू तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून पैसेही देईल. शेताला चारी बाजूंनी सलग उंच बांध घालू नका. पाणी कुठून तरी बाहेर पडणारच, ते तुम्ही ठरवलेल्या जागी, दगडी सांडव्यावरून पडू द्या.

आणखी एक. नदी तुमच्याच वळणावर का तुटली, ते वरच्या अंगाला चालत जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी नदीचं खोलीकरण करताना ती सरळही केली गेली. वळणं नदीचा वेग मारतात. ती काढली की सरळ तुकड्यात पाणी झपाट्याने जातं आणि खाली जिथे पहिलं वळण लागतं तिथला काठ फोडतं. वाळू उपसून पात्र खोल झालं असेल तरी काठाचा पाया उघडा पडतो. तसं काही दिसलं तर एकट्याने तक्रार करू नका, खालच्या चार गावांनी मिळून करा.

प्रश्न : ताई, सप्टेंबरात सगळं गाव शाळेत गेलं, पण आमचे सासरे घर सोडेनात. दोन बैल, दोन म्हशी आणि एक वगार आहे. "जनावरं सोडून मी येणार नाही," म्हणाले. पाणी उंबऱ्याला लागून परत गेलं म्हणून निभावलं. या वर्षी काय करू?
— एक सून, पालम तालुका

उत्तर : पोरी, तुझे सासरे हट्टी नाहीत. त्यांचं म्हणणं बरोबर आहे आणि ते मला फार उशिरा समजलं.

ऑगस्ट २००६. मी एका गोदाकाठच्या गावात तलाठी होते. दुपारपासून निरोप येत होते, पाणी वाढतंय. आम्ही दवंडी दिली, ट्रॅक्टर लावले आणि संध्याकाळपर्यंत माणसं शाळेत आणली. मी यादी घेऊन प्रत्येक घरातली डोकी मोजली. एकही माणूस मागे नाही, याचं मला समाधान वाटत होतं. रात्री नऊनंतर शाळेतले पुरुष कमी व्हायला लागले. विचारलं तर कुणी काही बोलेना. ते आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, परत जात होते, जनावरं सोडायला. माझ्या यादीत जनावरांचा रकानाच नव्हता. जी माणसं गेली ती सगळी परत आली, पण त्यातला एक जण तीन तास लिंबाच्या झाडावर बसून होता. ज्यांना जाता आलं नाही त्यांच्या गोठ्यांत सकाळी मी पंचनामा केला. सात जनावरं दाव्याला बांधलेलीच होती. मोकळी असती तर पोहून निघाली असती. म्हैस पाण्याला भीत नाही. त्या दाव्यांच्या गाठी मला अजून दिसतात.

तेव्हापासून मी क्रम बदलला. पहिल्यांदा जनावरं, मग माणसं. जनावर माळावर पोचलं की मालक आपण होऊन त्याच्या मागे जातो, आणि मालकामागे घर जातं. पुढच्या प्रत्येक पुरात हे खरं ठरलं.

तर आत्ताच कर. माळावर किंवा उंच शेतात ज्यांची जागा आहे त्यांच्याशी बोलून ठेव. तिथे पाच जनावरांचा चार दिवसांचा कडबा प्लास्टिकखाली रचून ठेव. कडबा तिथे दिसला की मामंजींचा निम्मा विरोध संपेल. गोठ्यात दाव्याला सुटी गाठ मारायची सवय लावा आणि एक विळा खांबाला कायम खोचून ठेवा, अंधारात हाताला लागेल असा. जनावरांच्या कानातला बिल्ला आहे का बघ, मदतीच्या वेळी तो नंबर विचारतात. बियाण्याची पोती पत्र्याच्या पेटीत न ठेवता घरातल्या पोटमाळ्यावर ठेव. सातबारा, आधार, पासबुक यांचे फोटो बाहेरगावी असलेल्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठव. पाणी ओसरल्यावर विहिरीचं पाणी पूर्ण उपसून, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घेतल्याशिवाय प्यायचं नाही, आणि त्यानंतरही महिनाभर उकळूनच. घर माळवदाचं असेल तर पाणी उतरलं तरी दोन दिवस आत झोपू नका. भिजलेल्या भिंती ऊन पडल्यावर बसतात.

आणि मृगाच्या आधी एक दिवस काढ. मामंजींना आणि पाचही जनावरांना घेऊन घरापासून माळापर्यंत चालत जा. वगार कुठे अडते, ओढ्याजवळ चिखलात बैल थांबतात का, वाटेत कुणाचं काटेरी कुंपण आडवं येतं, ते बघ. निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ लागला ते घड्याळात बघून लिही, आणि मला पत्राने कळव.